मुलांच्या संघाचा प्रशिक्षक हा हिंसाप्रतिबंधाचा पहिला शिक्षक होऊ शकतो का?

मातीतला माणूस (धागाकर्ता)

गेली 19 वर्षे मी एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो आणि मुलांच्या कबड्डी संघाचा सराव घेतो. हा विषय येथे मांडण्याचे कारण एक प्रसंग आहे. आमच्याकडे धावण्याचा सराव करणाऱ्या एका मुलीने माझ्याच संघातील एका चढाईपटूविरुद्ध तक्रार केली. तो दोन महिने तिच्या सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला उभा राहत होता, वसतिगृहाच्या फाटकापर्यंत तिच्या मागे जात होता आणि तिने फोन क्रमांक बदलल्यावर नवा क्रमांक मिळवून पुन्हा संदेश पाठवत होता. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीने चौकशी केली, निर्णय दिला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीने. संघातील उरलेल्या अकरा जणांना हे सारे पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होते, आणि तो नवा क्रमांक त्यांच्यापैकीच एकाने मिळवून दिला होता. मी जाब विचारला तेव्हा कर्णधार म्हणाला, "सर, त्याचं खरंच प्रेम आहे तिच्यावर, म्हणून आम्ही मदत केली." तो खोटे बोलत नव्हता.

पाठलागाला प्रेम म्हणायला त्याला आपणच शिकवले आहे. 1990 मध्ये उल्हासनगरात परीक्षा केंद्रात शिरून एका शाळकरी मुलीला जाळण्यात आले आणि फेब्रुवारी 2020 मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. मधल्या 30 वर्षांत अशा बातम्या देताना "एकतर्फी प्रेमातून" हे शब्द आपल्या लेखणीने सोडले नाहीत.

माझे म्हणणे असे की समिती, सूचनाफलक आणि वर्षातून एकदा सभागृहात होणारे व्याख्यान यांना आपण प्रतिबंध म्हणतो, पण समितीचे खरे काम घटना घडून गेल्यावर सुरू होते. मुले ज्याचे ऐकतात त्याच्या तोंडून, जेथे ऐकतात तेथे, म्हणजे मैदानावर, हा विषय आला पाहिजे. आई-वडिलांना उलटून बोलणारा मुलगा प्रशिक्षकाच्या एका नजरेने गप्प होतो, हे माझ्या क्षेत्रातील कोणीही सांगेल. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत 1993 मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विद्यार्थी-खेळाडूंना हाताशी धरून असा कार्यक्रम सुरू झाला. तेथे मुलांकडे संभाव्य गुन्हेगार म्हणून न पाहता मित्राला अडवू शकणारा माणूस म्हणून पाहिले गेले. पुढे 'कोचिंग बॉईज इन्टू मेन' या उपक्रमात प्रशिक्षकांनी आठवड्यातून एकदा, सरावाला जोडून, सुमारे 15 मिनिटे संघाशी बोलायचे अशी पद्धत बसवली गेली. उत्तर कॅलिफोर्नियातील 16 शाळांमध्ये तिची शास्त्रशुद्ध चाचणी झाली, आणि वर्षभरानंतर त्या संघांतील मुलांकडून मैत्रिणींवर होणारा अत्याचार तुलनेने कमी आढळला. हीच पद्धत 'परिवर्तन' या नावाने मुंबईत आली, शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांपर्यंत आणि गोवंडीच्या शिवाजीनगरातील वस्तीत क्रिकेट शिकवणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचली. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलावे म्हणून 1993 पासून काम करणारी 'मावा' ही संस्थाही मुंबईचीच आहे. मग आपल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना यातले काहीच का दिसत नाही?

27 जून 2023 रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत कोयता घेऊन एका विद्यार्थिनीच्या मागे धावणाऱ्या तरुणाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी जिवावर उदार होऊन अडवले. त्यांच्याविषयी मला अतोनात आदर आहे. परंतु कोयता बाहेर निघण्याआधी सहसा बरेच दिवस जातात, आणि त्या दिवसांत जवळच्या मित्राच्या एका वाक्याला जे वजन असते ते नंतर कशालाच उरत नाही.

खांब ते खांब

सर, आपली तळमळ खरी आहे, तरीही मी आपल्याशी सहमत नाही. मी विद्यापीठाकडून खो-खो खेळले आहे आणि आज दोन महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून काम करते. आपण ज्याला औषध म्हणता तेच अनेक मुलींच्या बाबतीत दुखणे असते.

प्रशिक्षकाच्या नजरेने मुले गप्प होतात, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. मुलीही होतात. निवड चाचणीत कोणाला घ्यायचे, बाहेरगावच्या स्पर्धेत कोणी कोणत्या खोलीत राहायचे, दुखापत खरी की खोटी, प्रमाणपत्रावर सही कधी करायची, हे सारे एकाच माणसाच्या हातात असते. ज्या घरात शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, त्या घरची मुलगी त्या सहीसाठी किती सोसते हे मी माझ्या संघात पाहिले आहे. आमच्यातील एक उत्तम पळती खेळणारी मुलगी एका शिबिरानंतर परत मैदानावर आली नाही. आम्ही नऊ जणी तेव्हा तिला "घरच्यांनी बंद केलं का?" एवढेच विचारत राहिलो. कोणी तरी दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, ही बोच मला आजही आहे.

हे एका मैदानापुरते नाही. 1990 मध्ये हरियाणात 14 वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला. तो करणारा माणूस राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही होता. तीन वर्षांनी तिने जीवन संपवले, आणि त्याला शिक्षा सुनावली जाण्यासाठी डिसेंबर 2009 उजाडावे लागले. जानेवारी 2023 मध्ये देशाला पदके मिळवून देणाऱ्या महिला कुस्तीपटूंना जंतरमंतरवर बसावे लागले, तेही संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षावर आणि प्रशिक्षकांवर आरोप करत. कार्यस्थळी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्याने कार्यस्थळाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण स्पष्ट शब्दांत घातले असताना, 30 राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी 16 महासंघांनी अंतर्गत समितीच नेमली नसल्याच्या वृत्ताची दखल सर्वोच्च न्यायालयाला मे 2023 मध्ये घ्यावी लागली. जेथे तक्रार करायला दारच नाही, तेथे त्याच घराच्या मालकाला प्रबोधनाचे काम देणे मला धोक्याचे वाटते.

मुंबईच्या प्रयोगाविषयीही पूर्ण सांगायला हवे. मुलांच्या मतांमध्ये सुधारणा झाली हे खरे. अन्याय दिसल्यावर मध्ये पडण्याच्या प्रत्यक्ष वागण्यात मात्र तितका ठाम बदल दिसला नाही. तसेच ती मुले 10 ते 16 वर्षांची होती. आपला चढाईपटू विशीतला आहे. त्याच शिवाजीनगरात पुढे 'परिवर्तन' नावानेच मुलींना कबड्डी शिकवली गेली, त्याचा उल्लेख आपल्या लेखात नाही. मुलींनी मैदान व्यापणे हाही प्रतिबंधच आहे, आणि त्याला कोणा सरांच्या परवानगीची गरज लागू नये.

ठाण्याचा वकील

दोघांच्याही लेखनात समिती म्हणजे एक ठरलेली, आपोआप चालणारी गोष्ट आहे असे गृहीत आहे. माझा अनुभव तसा नाही, म्हणून थोडे विषयाच्या कडेने लिहितो.

वरच्या प्रतिसादात मे 2023 च्या ज्या निकालाचा संदर्भ आला आहे, तो मुळात गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणातला आहे. विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या होत्या, समितीने त्या खऱ्या मानल्या आणि त्याला सेवेतून काढले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले, कारण सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या होत्या की आरोपिताला बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळाली नव्हती. तक्रारी 2009 च्या आणि निकाल 12 मे 2023 चा. या 14 वर्षांचा भार तक्रार करणाऱ्या मुलींवर पडला आहे. नैसर्गिक न्यायाची मागणी केली की ती आरोपीची बाजू घेणे समजले जाते. प्रत्यक्षात कच्ची चौकशी सर्वांत आधी तक्रारदारालाच बुडवते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रशिक्षक नीतिपाठ देतो की नाही यापेक्षा समितीच्या सदस्यांना नोटीस, जबाब, उलटतपासणी आणि नोंदी यांचे शिक्षण मिळाले आहे का, हे आधी पाहावे. तक्रारीची मुदत 3 महिने असून सबळ कारण असल्यास ती आणखी 3 महिने वाढवता येते, चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हायला हवी, आणि आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. या तीन गोष्टी किती खेळाडूंना ठाऊक आहेत? प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर समितीवर निवडून आलेले तीन विद्यार्थी असावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे विनियम सांगतात. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ते प्राचार्यांच्या मर्जीने नेमलेले असतात. ते विनियम काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा हिंसेला बळी पडू शकतात हे मान्य करतात, आणि कनिष्ठ मुलांना वसतिगृहात रात्री काय सहन करावे लागते याबद्दल या धाग्यावर अद्याप एक अक्षरही आलेले नाही.

पहाटेची फेरी

मी खेळाडू नाही आणि कायदाही जाणत नाही. माझी मुलगी 800 मीटर धावते. एका मुलाच्या त्रासामुळे तिने संध्याकाळचा सराव सोडून पहाटे पाचचा धरला, आणि आता मी रोज तिच्याबरोबर मैदानावर जाऊन कठड्यावर बसतो. सरांनी मुलांना समजावून सांगावे, अवश्य सांगावे. पण ती मुले शहाणी होईपर्यंत माझ्या मुलीने कोठे धावायचे? मला पोलिसांच्या निर्भया पथकाची गाडी मैदानाच्या फाटकावर हवी आहे, कॅमेरे हवे आहेत, आणि मुला-मुलींच्या सरावाच्या वेळा वेगळ्या हव्या आहेत. यात मला काही मागासलेपणा वाटत नाही.

मातीतला माणूस (धागाकर्ता)

काका, तुमची गाडी आणि कॅमेरे मला मान्य आहेत. वेळा वेगळ्या करण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण आमच्याकडे तेच केले गेले आणि दिवे असलेली संध्याकाळ मुलांना, तर अंधारी पहाट मुलींना मिळाली. त्रास देणाऱ्याची वेळ कोणी बदलली नाही. तुमच्या मुलीच्याही बाबतीत वेळ तिनेच बदलली, हे तुम्हीच लिहिले आहे.

ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. प्रशिक्षकाच्या हातातील सत्ता मी साधन म्हणून मोजली, शस्त्र म्हणून मोजली नाही, ही चूक मी मान्य करतो. तरीही प्रशिक्षकाला वगळून हे काम होईल, हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण मी पाहिलेल्या गोष्टीत आहे. त्या प्रसंगानंतर मी दर शुक्रवारी सराव संपल्यावर मुलांना मातीतच बसवून बोलू लागलो. पहिले दोन शुक्रवार कोणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या शुक्रवारी मी चढाईपटूच्या प्रेमाबद्दल न विचारता क्रमांक मिळवून देणाऱ्याला विचारले की तुझ्या बहिणीचा क्रमांक असा कोणी दिला असता तर? तो म्हणाला, "सर, बहीण नसती तरी चुकलंच असतं ना?" प्रश्न माझा कच्चा होता आणि त्याने तो सुधारला. त्यानंतर आम्ही साखळीची उपमा धरली. चढाई करणाऱ्याला दोघे एकमेकांचे हात धरून अडवतात, तसे आपल्याच मित्राला दोघांनी मिळून अडवायचे, एकट्याने भिडायचे नाही, आणि पुढचे पाऊल समितीकडे न्यायचे. यंदा एका मुलाच्या मोबाइलमधील मुलीचे छायाचित्र गटावर फिरण्याआधी दोघांनी ते काढायला लावले आणि मला येऊन सांगितले. हे एकच उदाहरण आहे, त्यावर मी सिद्धांत उभारत नाही.

वकीलसाहेबांची सूचना मी क्रीडा विभागाच्या बैठकीत लेखी मांडणार आहे. वसतिगृहातील लहान मुलांविषयीही त्यांनी योग्य तेच दाखवून दिले. अकरावी-बारावीची मुले 18 वर्षांखालील असतात, त्यांना पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू होतो, आणि माहिती असूनही गप्प राहणारा शिक्षक स्वतः गुन्हेगार ठरतो, हे आमच्या शिक्षक-खोलीत अनेकांना माहीत नाही.

खांब ते खांब

सर, शुक्रवार चालू ठेवा. मुलाने तुमचा प्रश्न दुरुस्त केला हे तुम्ही येथे लिहिलेत, त्यामुळे माझा विश्वास वाढला. मतभेद मात्र संपलेला नाही. छायाचित्राची गोष्ट त्या दोघांनी तुम्हाला येऊन सांगितली, समितीला नाही. तुम्ही चांगले आहात म्हणून ती तेथे सुरक्षित राहिली. तुमच्या जागी उद्या दुसरे कोणी असेल, तेव्हा त्या मुलांना जाण्यासाठी तुमच्याशिवाय दुसरी जागा असायला हवी.

त्या बैठकीत आणखी दोन गोष्टी मांडाव्यात अशी विनंती आहे. जून 2022 मध्ये परदेशातील सरावाच्या वेळी एका सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या संघाबरोबर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे असे ठरवले. हा नियम 'अश्वमेध' या राज्यातील आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धेला जाणाऱ्या विद्यापीठ संघांनाही लागू करून घ्यावा, आणि नावापुरती कार्यालयातील लिपिक बाई व्यवस्थापक म्हणून पाठवू नये. दुसरी गोष्ट सहीची. खेळाडूच्या प्रमाणपत्रावर आणि निवडीच्या नोंदीवर एकट्या प्रशिक्षकाऐवजी तिघांची सही असावी, आणि त्या तिघांपैकी एक जण त्या खेळाच्या बाहेरचा असावा. हा ठराव मांडायला तुमच्यातले किती क्रीडाशिक्षक हात वर करतील, ते बैठकीनंतर येथे नक्की लिहा.