अश्रुधुराने अंगावर फोड आले आहेत: भाजल्याचं मलम लावू की स्टिरॉइडचं?

नमस्कार मंडळी, त्वचारोगतज्ज्ञ किंवा या त्रासातून गेलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.

माझे दीर पोलिसात आहेत. शनिवारी बंदोबस्तात अश्रुधुराची नळकांडी फोडावी लागली आणि वारा नेमका यांच्याच अंगावर फिरला. डोळे तासाभरात निवळले, पण घामाने भिजलेला गणवेश नायगावला घरी येईपर्यंत सहा-सात तास अंगावरच. खरं नुकसान तिथे झालं असं मला वाटतं. आपण धूर म्हणतो, पण सीएस (अश्रुधुरातलं रसायन) म्हणजे बारीक भुकटीच. ती कापडात बसते आणि ओल्या कातडीला जास्त चावते. कॉलरखाली, काखेत, पट्ट्याच्या कडेने, जिथे कपडा घट्ट तिथेच लालभडक झालंय.

आल्याआल्या साबणाने आंघोळ केली. पहिल्या तांब्याला आग उलट वाढली, भाऊजी कळवळले, तरी धूत राहिले. सासूबाई खोबरेल तेल घेऊन आल्या होत्या, मी लावू दिलं नाही.

काल मानेवर चवळीच्या दाण्याएवढे फोड आले, दोन फुटले. शिवाय मनगटावर, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथेही खाज आणि बारीक पुरळ. ट्रेनिंगमध्ये त्यांनी एकदा अश्रुधूर खाल्लेला आहे. म्हणून शंका येते की हे नुसतं रसायनाने भाजणं नाही, दोन-तीन दिवसांनी उठणारी अ‍ॅलर्जीसुद्धा असेल.

केमिस्टने बेटामेथासोन (स्टिरॉइड) आणि निओमायसिन (अँटिबायोटिक) यांची ट्यूब दिली. निओमायसिनचीच कित्येकांना अ‍ॅलर्जी असते, म्हणून ती उघडलेली नाही. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले सिल्व्हर सल्फाडायझीन (भाजल्याचं मलम) लावा आणि रात्री सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) घ्या. खाज थोडी कमी आहे, पुरळ तसंच.

फुटलेल्या फोडांवर नुसतं ड्रेसिंग आणि बाकी अखंड कातडीवर साधं स्टिरॉइड क्रीम, असं दोन्ही एकदम चालतं का? पुरळ पसरलं तर पोटातून प्रेडनिसोलोन (स्टिरॉइडची गोळी) देतात, पण भाऊजींना मधुमेह आहे आणि त्याने साखर चढते, याचीच मला जास्त धास्ती आहे. पू नाही, ताप नाही, मग अँटिबायोटिक कशाला?

उद्या सकाळी केईएमच्या त्वचा विभागात नेतेय. तिथे आणखी काय विचारू? आणि तो गणवेश वेगळ्या बादलीत झाकून ठेवलाय, दोनदा वेगळा धुतला तर पुरे का? गुरुवारी परत ड्युटी आहे, आणि कॉलर तीच.