आधी गावात काय आहे ते पाहावे

गावात विकासाचे काम करू पाहणाऱ्या संस्थेने प्रथम गावाच्या गरजांची यादी करावी, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही, कारण अशा यादीत गावकरी केवळ लाभार्थी उरतो. जालना जिल्ह्यातील कडवंचीत पावसाचे पाणी अडवून जिरवण्याच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली, पण श्रमदान गावाचेच होते. पुढे तिथे शेततळी आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पावसाळ्यात ओढा नेमका कुठे फुटतो, हे बांधावर उभे राहून काठीने दाखवणारा म्हातारा शेतकरी ही माझ्या मते गावाची सर्वांत मोठी ठेव आहे (बचत गटांच्या जपून ठेवलेल्या वह्याही त्यातच मोजाव्यात). म्हणून संस्था आणि गाव यांच्या भागीदारीच्या करारात निधीच्या आधी गावाचा वाटा लिहावा, आणि संस्था गेल्यावर बंधाऱ्यांतला गाळ कोण काढणार, हेही तेव्हाच ग्रामसभेत ठरवावे.