हायड्रोसीलचा व्हिडिओ शिकण्यालायक आहे हे ओळखायचं कसं?

वैनगंगाकाठ
सर्जरीत एमएस झालो, सरकारी सेवेच्या बॉण्डवर गडचिरोली जिल्ह्यात आहे. इथे हत्तीरोगाचे हायड्रोसील, म्हणजे अंडाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलेले पेशंट, भरपूर. परवा एक काका म्हणाले, "दुखत नाही जी, पन रोवन्याच्या टायमाले वाकता येत नाही." कॉलेजात मी स्वतः दोनच केले, तेही पातळ पिशवीचे. म्हणून आदल्या रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघतो.

मागच्या महिन्यात असाच चार मिनिटांचा बघितला. पिशवी उघडली, उलटवली, टाके, संपलं. दुसऱ्या दिवशी जाड पिशवीच्या पेशंटला मी तसंच केलं. रात्रीतून अंडकोष नारळाएवढा सुजला, आत रक्त साठलेलं. पहाटे पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं. चूक माझी, मान्य आहे. पण रक्त थांबवतानाचा एक सेकंदही त्या व्हिडिओत नव्हता, आणि नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. तेच मला खातंय.

जुना सर्जन, चंद्रपूर
डॉक्टर, आधी पेशंट कोण आहे ते सांगितलंय का बघा. पातळ पिशवी उलटवून भागतं. हत्तीरोगाची जाड पिशवी मी छाटतो: अंडाभोवती साधारण एक सेंटीमीटर कड ठेवून. एपिडिडिमिस (अंडाला चिकटलेली शुक्राणूंची नळी) आणि कॉर्ड (अंडाच्या रक्तवाहिन्या नि वीर्यनलिकेचा जुडगा) आधी ओळखायची. कापलेल्या कडेवर कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायचं, मग सलग टाका. हा भाग कंटाळवाणा, म्हणून एडिटिंगमध्ये पहिला तोच उडतो. तो जिथे पूर्ण दिसेल तो व्हिडिओ ठेवा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांच्या व्हिडिओंसाठी 2018 मध्ये लॅप-वेगास ही मार्गदर्शक तत्त्वं आली. नंतर त्यावरून गुण द्यायचा तक्ताही निघाला: 9 मुद्दे, प्रत्येकी 0 ते 2 गुण. पेशंटची माहिती, पायऱ्या, ऑपरेशननंतर काय झालं, हे सगळं त्यात येतं. हायड्रोसील उघडं ऑपरेशन आहे, तरी हे प्रश्न लागू पडतात. किती लोकांनी बघितलं याला मात्र काही अर्थ नाही.

ओटी सिस्टर
सर, ड्रेन (साठणारं रक्त-पाणी बाहेर काढायची नळी) ठेवला का, लंगोट कसा बांधला, हेही कुणी दाखवत नाही. वॉर्डात रात्री सूज आम्हीच बघतो. आणि व्हिडिओ बघाल तेव्हा आम्हालाही बोलवा, ट्रॉलीवर काय लावायचं ते तेव्हाच कळेल.

वैनगंगाकाठ
सर, कड आणि सलग टाका लिहून घेतलं. सिस्टर, मंगळवारी त्याच काकांची केस आहे. सोमवारी पाच वाजता ओटीत बसू. पहिले दोन टाके मी घालेपर्यंत बाजूला उभं राहायला जिल्ह्याच्या सरांनाही फोन करतोय.