राज्यस्तरावरील कांस्यपदक आणि आयआयटीचा क्रीडा कोटा: मुलीचे धावणे थांबवावे का?

प्रश्न: एक पालक, औसा (जि. लातूर)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी लातूरला अकरावी विज्ञान शाखेत शिकते आणि तिथेच जेईईचा क्लास करते. ती १५०० मीटर धावते. गेल्या हंगामात शालेय राज्य मैदानी स्पर्धेत तिने ४ मिनिटे ५२ सेकंदांत कांस्यपदक मिळवले, मात्र राष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली नाही. पहाटे पाचला उठून ती सरावाला जाते. आठच्या तासाला तिला झोप आवरत नाही, हे मला तिच्या वहीवरून कळते. पानाच्या वरच्या ओळी सुबक असतात आणि खालच्या तिरप्या होत जातात.

क्लासच्या सरांनी दोन वर्षे धावणे बंद करण्यास सांगितले आहे. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की, आता आयआयटी मद्रासमध्येही खेळाडूंसाठी जागा असल्यामुळे पदकाच्या बळावर तिला प्रवेश मिळू शकेल. दिल्ली विद्यापीठाच्या क्रीडा कोट्याबद्दलही ऐकले आहे. एवढ्या कामगिरीवर तिला खरोखर किती संधी आहे, हे जाणकारांनी कृपया स्पष्ट सांगावे.

उत्तर: क्रीडा शिक्षक, परभणी

दादा, आपल्या मुलीचे प्रथम अभिनंदन. राज्यातून पहिल्या तिघींत येणे ही लहान गोष्ट नाही, तरीही आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी गोड करून सांगणार नाही.

आयआयटी मद्रासने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून खेळाडूंसाठी स्वतंत्र प्रवेश सुरू केला आहे. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य (म्हणजे मंजूर जागांव्यतिरिक्तच्या) जागा असून त्यांपैकी एक केवळ मुलींसाठी राखीव आहे, आणि हा प्रवेश नेहमीच्या समुपदेशन प्रक्रियेतून न होता संस्थेच्या वेगळ्या पोर्टलवरून होतो. परंतु त्यासाठी दोन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. जेईई अॅडव्हान्स्ड या आयआयटीसाठीच्या दुसऱ्या टप्प्यातील परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव असले पाहिजे, आणि मागील चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक मिळालेले असले पाहिजे. राज्यस्तरावरील पदक तिथे चालत नाही. पहिल्या वर्षी देशभरातून केवळ पाच विद्यार्थ्यांना या मार्गाने प्रवेश मिळाला, यावरून दोन्ही अटी एकाच मुलाने पूर्ण करणे किती अवघड आहे, हे लक्षात यावे.

म्हणजे पदक परीक्षेच्या जागी येत नाही. परीक्षा आधी पार करावी लागते आणि त्यानंतर पदक रांगेत पुढे नेते. प्रशिक्षकांनी आपल्याला नेमका हाच भाग सांगितलेला दिसत नाही. आपण एक करावे: गेल्या दोन वर्षांच्या राष्ट्रीय स्पर्धांचे निकाल काढून तिच्या वयोगटातील तिसऱ्या क्रमांकाची वेळ पाहावी आणि ती तिच्या वेळेशेजारी लिहावी. किती सेकंदांचे अंतर भरून काढायचे आहे, हे समोर आले की पुढची चर्चा अंदाजावर राहणार नाही.

उत्तर: माजी खेळाडू, बीड

दिल्ली विद्यापीठाचा मला अनुभव आहे, म्हणून लिहितो. तिथे क्रीडा आणि कला-सांस्कृतिक अशा दोन्ही गटांसाठी मिळून महाविद्यालयाच्या एकूण जागांच्या पाच टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा असतात. सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावीच लागते, मैदानावरील चाचणी होते आणि प्रमाणपत्रांनाही गुण असतात. राज्यस्तरावरील पदकाला तिथे काही किंमत आहे, हा आपल्या मुलीच्या दृष्टीने मोठा फरक. मात्र कोणत्या खेळाडूंना घ्यायचे हे प्रत्येक महाविद्यालय आपापल्या गरजेनुसार ठरवते, त्यामुळे आवडीच्या महाविद्यालयात त्या वर्षी मध्यम पल्ल्याच्या धावपटूसाठी जागा नसेल, तर चांगली वेळ असूनही उपयोग होत नाही.

माझी संधी कागदावरून गेली. माझे सर्वांत चांगले प्रमाणपत्र दहावीतले होते आणि अर्ज भरला तेव्हा ते तीन वर्षांच्या मुदतीबाहेर गेलेले होते. दुसऱ्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव चुकीचे छापले गेले होते. ते दुरुस्त करून घेण्यासाठी मी एका कार्यालयात चार वेळा गेलो, आणि दुरुस्त प्रत हाती आली तेव्हा चाचण्या संपल्या होत्या. म्हणून कळकळीने सांगतो, ताईच्या प्रमाणपत्रावरील नाव, जन्मतारीख, स्पर्धेची तारीख आणि क्रमांक आजच तपासून घ्या. बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचा प्रस्तावही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फतच जातो, तेव्हा हे काम कोणत्याही परिस्थितीत वाया जाणार नाही.

उत्तर: भौतिकशास्त्राची प्राध्यापिका, नांदेड

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु त्यावरून धावणे बंद करावे, असा अर्थ कृपया काढू नये. अकरावीत सराव सोडलेल्या अनेक मुली मी वर्गात पाहिल्या आहेत, आणि वाचलेला तो दीड तास अभ्यासालाच गेला, असे मला क्वचितच दिसले.

खरी अडचण मला वेळापत्रकाची वाटते. शालेय राष्ट्रीय स्पर्धा बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात आणि जेईई मेनचे पहिले सत्रही जानेवारीतच असते. त्यामुळे राष्ट्रीय पदकाचा प्रयत्न करायचा तर तो अकरावीच्या हंगामात करावा, आणि बारावीत सराव आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणावा. लांब पल्ल्याचे धावपटू उशिरा बहरतात. आपल्याच बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, त्यानंतर वळले, आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक जिंकले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सतराव्या वर्षी सराव कमी केल्याने सारे संपते, असे नाही.

आणि दादा, तिला झोपू द्या. पहाटे पाचला उठणाऱ्या मुलीचा दिवा रात्री साडेनऊला मालवला गेलाच पाहिजे. तिरप्या होत जाणाऱ्या ओळींचे कारण धावणे नसून अपुरी झोप असावी, असे मला वाटते.

पालक, औसा

आपण तिघांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री आम्ही राष्ट्रीय स्पर्धांचे निकाल काढले. तिने तिसऱ्या क्रमांकाची वेळ स्वतःच्या हाताने सरावाच्या वहीत लिहिली, शेजारी आपली लिहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पप्पा, हा हंगाम मला पूर्ण द्या, पुढच्या वर्षी मीच कमी करते." मी होकार दिला आहे. दिल्लीसाठी सीयूईटीचा अर्जही भरणार आहोत. प्रमाणपत्र तपासले असता तिच्या जन्मतारखेतील महिना चुकलेला आढळला, म्हणून सोमवारी शाळेचे पत्र घेऊन लातूरला जात आहे.