आजार नव्हे, माणूस

'सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीचे चित्रपट म्हणजे आजारांची माहिती देणारे प्रबोधनपट' हे मत, त्यांची अनेक वर्षांची चाहती म्हणून, मला मान्य नाही. भावे मुळात समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि १९८५ च्या 'बाई' या लघुपटापासून त्यांचे लक्ष प्रश्नापेक्षा तो प्रश्न जगणाऱ्या माणसाकडे अधिक राहिले. 'अस्तु' पाहा. स्मृतिभ्रंश झालेले, संस्कृतचे प्रकांड पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे निघून जातात, आणि ज्या माहुताच्या बायकोला त्यांच्या विद्वत्तेची कल्पनाही नाही ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. शास्त्रींच्या मुलीची घालमेल आणि या परक्या बाईची सहज माया शेजारी ठेवली जाते, पण मुलीला कुठेही दोषी ठरवले जात नाही. हा समतोल मला फार मोलाचा वाटतो. (शास्त्रींची भूमिका करणारे मोहन आगाशे यांची नजर या चित्रपटात अक्षरशः रिकामी होत जाते.) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'कासव'मध्येही नैराश्याने खचलेल्या मुलाला उपदेश न करता कोकणच्या किनाऱ्यावर सावकाश वेळ दिला जातो. स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई' मात्र मला काही ठिकाणी अधिक स्पष्टीकरणात्मक वाटतो, एवढे मान्य करते.