पानिपत जिंकलो असतो तर... पण थाळनेरचं काय?

तापीकाठचा: राम राम मंडळी. परवा एसटीत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ परत वाचली. पुण्याचा एक प्रोफेसर अशा जगात पोचतो जिथे विश्वासरावांना गोळी नुसती चाटून जाते, १७६१ ला मराठे जिंकतात आणि इंग्रज मुंबईपुरते उरतात. कथा भारीच. पण ह्या ‘असं झालं असतं तर’वाल्या गोष्टींमधे लढाई म्हणजे सोंगट्या हलवल्यासारखं वाटतं, मेलेलं माणूस कुठे दिसतच नाही. माझी बहीण शिरपूर तालुक्यात दिलीये म्हणून थाळनेरला जाणं होतं, किल्ला म्हणजे तापीच्या काठाला मातीचा ढिगारा, बाभळी, वर शेळ्या चरतात. १८१८ च्या जानेवारीत होळकरांनी इंग्रजांशी तहात खानदेश देऊन टाकलेला, तरी फेब्रुवारीत किल्लेदार तुळशीराम अडला, इंग्रज सेनापती हिस्लॉपने त्याला फाशी दिलं आणि आतले तीनेकशे लोक कापले. ह्याच्यावर कोणी ‘तर’ लावत नाही.

केळीवाला_रावेर: काय भो, कथा नीट वाचली का? विजयाचे ढोल नाहीयेत तिच्यात, एवढ्याशा गोष्टीवर सगळं कसं फिरतं ते आहे. आणि तुझं थाळनेरच घे ना. दारातून थोडे गोरे अधिकारी आत गेले, शरण येण्याचं बोलणं एकमेकांना नीट कळलं नाही, आतल्यांनी हत्यार चालवलं आणि पुढची कत्तल झाली. तिथे एक धड दुभाष्या असता तर? झाली की कथा. लिही तूच, रडतो कशाला.

सातपुड्याचा: दोघं गडावरच अडकले. मी भिल्ल आहे, मला सांगा, पानिपत जिंकलो असतो तर आमचं काय? पेशवाईतच कोपरगावला भिल्लांना बोलावून मारलं आणि विहिरीत टाकलं, गॅझेटिअरमधे आहे. मग इंग्रज आले, १८२५ ला औट्रम नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, ठाणं धरणगावला, म्हणजे आमच्याच पोरांना आमच्याच डोंगरात पाठवायचं. आमचा खाज्या नाईक आधी त्यांच्याच नोकरीत सातपुड्यातला सेंधव्याचा घाट राखायचा, १८५७ ला इंग्रजांवर उलटला, पुढच्या वर्षी तिथल्याच डोंगरात आंबापाणीला त्यांच्याशी लढाई झाली. तुमच्या त्या दुसऱ्या जगात खाज्या नाईक कोणाशी लढतो? की घाटच राखत बसतो?

केळीवाला_रावेर: हा प्रश्न भारी आहे, मान्य. पण तो कथा लिहूनच विचारता येईल ना, कथा बंद करून नाही.

सातपुड्याचा: बंद करा कोण म्हटलं? पुण्याच्या प्रोफेसरऐवजी एकदा आंबापाणीच्या म्हातारीला पाठवा त्या जगात, एवढंच.

तापीकाठचा: कोपरगावचं मला माहीतच नव्हतं. मी तुळशीरामाला हिरो करून बसलो होतो, पण तो तरी कोणासाठी अडला, होळकरांसाठीच ना.

अहिराणी_माय: तुमनं समदं बरोबर शे भाऊ, पन कथा कोन लिखी? थाळनेरना दुभाष्यानी का आंबापाणीनी म्हातारीनी?

केळीवाला_रावेर: दुभाष्या माझा. माल भरायला गाडी आलीये, रात्री बसतो.