चिपळूणच्या वाशिष्ठीला पूर असताना कोयनेचं अवजल थांबवावं का?

गोवळकोटकर
कोयना धरण मुख्यतः विजेसाठी बांधलं. घाटावरचं पाणी बोगद्यातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीत साठतं, तिथे पुन्हा वीज करून सोडलेलं हे पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीला मिळतं. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने या पश्चिमेकडच्या विजेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलंय. याच अवजलाने नदी उन्हाळ्यात वाहती राहते, हे मान्यच. पण नदी धोक्याच्या पातळीवर आणि खाडीला भरती असताना त्यातला थेंबही नको. वीज चार तास उशिरा मिळाली तर काय बिघडलं?

निवृत्त शाखा अभियंता
कळकळ पोचली, पण यंत्रं बंद केली म्हणून पाणी थांबत नाही. कोळकेवाडीला स्वतःचा पाणलोट आहे, वरून ओढे येतच राहतात. तलाव भरला की सांडव्यावरून सोडावंच लागतं, तेही त्याच नदीत. धरणाची भिंत वाचवायला दुसरा मार्ग नसतो. तुमचा पूर मुळात घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि पात्रातल्या गाळाचा. आधी गाळ काढा.

खेर्डीवाली
साहेब, २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी उंबऱ्याला लागलं. तांदळाचा डबा माळ्यावर चढवेपर्यंत गुडघ्याला आलं. सासूबाईंना उचलून नेताना जिन्याच्या तीन पायऱ्या बुडालेल्या. दोष कुणाचा, ते मी सांगत नाही. पण तलाव भरला की सोडावंच लागतं, तर भरू का देता? रेड अलर्ट आदल्या दिवशी येतो. ओहोटी बघून तेव्हाच पातळी खाली आणा.

निवृत्त शाखा अभियंता
ताई, हे पटतं. पण अंदाज चुकला तर? संध्याकाळी राज्याची विजेची मागणी चढते, तेव्हा याच पाण्याचा आधार असतो. रिकामा तलाव घेऊन बसणं परवडत नाही.

दसपटीकर
नुसत्या विजेच्या हिशेबाने धरण चालवू नका. आमचं तिवरे लहान मातीचं धरण. गळती लोकांनी आधीच कळवली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट गेली. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा. त्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, शिवाय आपत्कालीन कृती आराखडाही सांगितलाय. तो आराखडा तुमच्या ग्रामपंचायतीत कुणी पाहिलाय?

खेर्डीवाली
नाही. सोमवारी जाऊन मागते.